एस्प्रेसो, ताई आणि थर्मोडायनॅमिक्स

इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळाली की नातेवाईकांच्या दृष्टीने आपण एकदम सर्वज्ञ होतो. मामाचा मिक्सर, काकूचा इन्व्हर्टर, शेजारच्या आजोबांचा मोबाईल... सगळं आपल्याकडे! पण गेल्या महिन्यात ताईने विचारलेला प्रश्न मी अगदी मनावर घेतला. तिला घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं होतं. दोन मॉडेल्स तिने निवडून ठेवली होती, गॅजिया क्लासिक आणि रॅन्सिलिओ सिल्व्हिया. म्हणाली, "अगं, तू सांगशील ते घेते."

मेसचा चहा पिणारी मंडळी हे वाचून हसणार, माहितीये मला! आमच्याही घरी कॉफी म्हणजे पाहुणे आले की जायफळ घालून केलेली, भरपूर दुधाची. पण २०२१ मध्ये बाबा गेले आणि तेव्हापासून घर आणि माझं शिक्षण ताईच्या पगारावर चाललंय. माझी फी कधी एक दिवससुद्धा उशिरा भरली गेली नाही. एवढ्या वर्षांत स्वतःसाठी काही घ्यायचं तिच्या मनात आलं ते हे पहिलंच. म्हणून ठरवलं, उत्तर द्यायचं ते नीट अभ्यास करून द्यायचं.

तर मित्रांनो, आधी थोडी थिअरी. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९० ते ९५ अंशांचं पाणी ९ बार दाबाने, २५-३० सेकंदांत ढकलायचं. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा फार तर एक बार जास्त असतो. इथे नऊ! मिलानच्या अकिले गॅजियाने १९३८ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. महायुद्धानंतर आलेल्या त्याच्या दांड्याच्या मशीनमुळे कॉफीवर तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. त्याच्या नावाच्या कंपनीचं क्लासिक १९९१ चं. मिलानजवळच्याच पाराबियागो गावात १९२७ मध्ये सुरू झालेल्या रॅन्सिलिओची सिल्व्हिया १९९७ ची. दोघींमध्ये एकच बॉयलर, दोघींची कॉफीची चाळणी ५८ मिलिमीटरची, म्हणजे कॅफेतल्या मोठ्या मशीनच्याच मापाची. मग फरक काय?

फरक बॉयलरमध्ये. सिल्व्हियाचा सुमारे ३०० मिलिलिटरचा, पितळेचा. क्लासिकचा सुमारे १०० मिलिलिटरचा. मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. पाणी २५ वरून ९५ अंशांवर न्यायचं. सिल्व्हियाला लागतात ८८ किलोज्यूल, हीटर हजार वॅटच्या आसपास, म्हणजे दीड मिनिट. क्लासिकला २९ किलोज्यूल, हीटर १४०० वॅटच्या आसपास, म्हणजे जेमतेम वीस सेकंद! मग लोक सिल्व्हिया चालू करून अर्धा-अर्धा तास का थांबतात? कारण पाण्याबरोबर ते सगळं पितळ तापावं लागतं. नाहीतर गरम पाणी थंड धातूतून जाताना वाटेतच निवतं.

पण एकदा तापलं की तेच पितळ साथ देतं. एक कप काढला की जेवढं पाणी बाहेर जातं, तेवढं गार पाणी बॉयलरमध्ये येतं. चाळीस मिलिलिटर धरलं तर क्लासिकमध्ये ते बॉयलरच्या दोन पंचमांश झालं, सिल्व्हियात सातवा-आठवा हिस्सा. त्यामुळे सिल्व्हियाचं तापमान कमी पडतं. वाफही तिची दमदार, दूध छान फेसाळतं. एकापाठोपाठ चार जणांना कॅपुचिनो द्यायची असेल तर सिल्व्हियाच.

एवढं झाल्यावर मी ताईला फोन केला, आणि तिला मशीनबद्दल काही न सांगता तिच्याबद्दलच विचारत बसले. सकाळी उठल्यावर किती वेळ असतो? - पाऊण तास, त्यात आंघोळ आणि डबा. किती जण पिणार? - मी एकटी, तीही बिनदुधाची. घर किती दिवस हेच? - अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, नंतर देव जाणे. सिल्व्हियाचं वजन १४ किलो, आणि ताई तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही! शेवटचा प्रश्न, पाणी कुठलं? - बोअरचं. बोअरच्या जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार धरतो, तेव्हा कुठलंही मशीन घेतलं तरी फिल्टरचं पाणी आलंच.

मग मी सांगितलं, क्लासिक घे. आणि त्यातून जे पैसे वाचतील त्यात थोडी भर घालून चांगला ग्राइंडर घे. कारण पावडर एकसारखी बारीक नसेल तर ९ बारचं पाणी सोपी वाट शोधून पळतं, आणि इटलीचं मशीन असलं तरी कॉफी आंबट नाहीतर कडू. मशीनवर सगळा पैसा घालून पावडर तयार विकत आणणं म्हणजे फर्स्टक्लास गाडी घेऊन टायर जुने बसवणं!

ताई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "पण आई आली की तिला दुधाची लागेल. शिवाय तुझ्या सुट्टीत आपण तिघी असणार. मोठा बॉयलर बरा नाही का?"

बघा! स्वतःसाठी म्हणून घ्यायला निघालेली वस्तू, तीही हिने आमच्या मापाने मोजली. मी म्हटलं, "ताई, आई वर्षातून दोनदा येते. तेव्हा मी गॅसवर जायफळाची करीन. हे मशीन रोज सकाळी सातला कॉफी पिणाऱ्या बाईसाठी आहे."

लॅबमध्ये आपल्याला एफिशियन्सी काढायला शिकवतात, लॉसेस मोजायला शिकवतात. वापरणारं माणूस कोण, हे मात्र प्रश्नात कधी दिलेलं नसतं. ते आपणच विचारायचं असतं. ज्याच्यासाठी यंत्र निवडतो, तो आपला विचार सगळ्यात शेवटी करणारा असेल, तर जरा हट्टानेच विचारायचं.

मागच्या रविवारी मशीन आलं. पहिले तीन कप बेसिनमध्ये गेले. चौथा ताईने एकटीने, बाल्कनीत बसून प्यायला.