पेटीवाले अप्पा

यवतमाळला असताना पियानो फक्त हिंदी सिनेमात बघितला. हिरो दुःखात असला की वाजवायचा! आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या म्हणजे पेटी. आणि पेटी म्हटलं की मला आठवतात अप्पा जळगावकर.

अप्पा जालन्याचे, जन्म १९२२चा. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली. कारण अगदीच खोटं नव्हतं: पट्ट्यांचे स्वर ठरलेले, दोन स्वरांमधली मींड त्यातून निघत नाही. बंदी सैल झाली ती १९७१मध्ये. म्हणजे अठराव्या वर्षापासून जवळजवळ पन्नाशीपर्यंत अप्पांचं वाद्य रेडिओला नकोच होतं!

आपलं कसं, एखादी टेक्नॉलॉजी 'आउट' झाली की सोमवारी नवा कोर्स. अप्पा मात्र मैफलींत वाजवत राहिले. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर अशा दिग्गजांना साथ केली. २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००९मध्ये ते गेले.

बंदी उठली म्हणून पेटी काही बदलली नाही. मींड त्यातून आजही निघत नाही. तरी अप्पांची साथ असलेली एखादी जुनी मैफल लावा, आणि ती कुठे कमी पडली ते सांगा बघू.