कान कुठल्या भाषेत ऐकतो?

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची एक तक्रार ठरलेली असते. "ऐकू येतं रे, पण काय बोलतोस ते कळत नाही." आपण आवाज चढवतो. मग ते चिडतात, "ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?" शेवटी घरात असं ठरून जातं की अब्बा हट्टी झालेत, किंवा नानीला हवं तेवढंच ऐकू येतं.

खरं तर ही तक्रार अगदी अचूक असते. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात पंधरा हजारांच्या आसपास नाजूक केसपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीतला आवाज टिपतात, आत टोकाशी असलेल्या पेशी खर्जातला. शंखातून आवाजाची लाट कशी धावते हे प्रयोगाने दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. वय वाढतं तशा आधी तोंडाजवळच्या पेशी निकामी होतात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ खालच्या पट्टीत असतात. स, फ, थ यांची ओळख मात्र वरच्या पट्टीत. म्हणून स्वर पोचतात आणि व्यंजनं गळतात. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, गळालेलं व्यंजन काही परत येत नाही.

ही सगळी माहिती मला अब्बांच्या कानांमुळे झाली.

कानाची तपासणी दोन भागांत होते. पहिल्या भागात हेडफोनमधून बारीक-जाड सूर ऐकवतात, साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे, आणि ऐकू आलं की बटण दाबायचं किंवा बोट वर करायचं. या भागाला भाषा लागत नाही. दुसऱ्या भागात शब्दांची यादी वाचतात, २५ किंवा ५० शब्द, आणि रुग्णाने ऐकलं तसं म्हणून दाखवायचं. किती बरोबर आले त्याची टक्केवारी काढतात. श्रवणयंत्राचा उपयोग होईल की नाही, याचा अंदाज बांधताना ही टक्केवारी फार महत्त्वाची ठरते. इथे भाषा लागते.

अब्बांनी तीस वर्षं बार्शीच्या बाजारात भुसार मालाच्या दुकानात हिशेब लिहिला. मराठीत. शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. घरी आम्ही दखनी बोलतो, नको, कायकू, हमना असली. हिंदी म्हणाल तर सिनेमातली आणि रेडिओवरची. तपासणीच्या काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, आणि बाहेरून माइकवर ताई म्हणाल्या, "चाचाजी, जो शब्द सुनाई दे वो बोलिए." मी ताईंच्या शेजारीच बसलो होतो.

'डाल', असा शब्द आला. फांदी या अर्थाचा. अब्बा म्हणाले, "डाळ." ताईंनी फुली मारली. पुढे 'ओस' आला, म्हणजे दव. अब्बा ठामपणे म्हणाले, "ऊस." फुली. आता सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ओसात उसाशिवाय दुसरं काय ऐकू येणार? ज्याने आयुष्यभर डाळीच्या कट्ट्यांचा हिशेब लिहिला त्याला 'डाल' म्हटल्यावर झाडाची फांदी कशी आठवणार? दोन्ही वेळा कानाने आवाज पोचवला होता. डोक्याने जवळचा ओळखीचा शब्द उचलला, इतकंच.

पंचवीसपैकी तेरा. ५२ टक्के. ताई म्हणाल्या, मशीनचा फार फायदा होईल असं वाटत नाही.

मी विचारलं, "ताई, मराठी यादी नाही का?"

"आहे की," त्या म्हणाल्या, आणि फाईलवरच्या नावाकडे बघून थोड्या अडखळल्या. "मला वाटलं तुम्ही लोक हिंदीच..."

मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांनी सोयीसाठी, किंबहुना अदबीनेच हिंदी निवडली होती. बाहेर चहा घेऊन आम्ही परत आलो आणि मराठी यादी झाली. पंचवीसपैकी वीस. ८० टक्के. याही वेळी चुका झाल्या, पण त्या कानाच्या चुका होत्या. 'काप'चं 'कात' झालं, 'सात'चं 'हात'. तेच कान, तीच खोली. सल्ला मात्र उलटा झाला: मशीन लावून बघा.

यात नवल नाही. कान धडधाकट असले तरी भाषेचा फरक पडतो, हे विद्यापीठांतल्या संशोधकांनी केव्हाच मोजून ठेवलं आहे. १९९७ साली मेयो, फ्लॉरेंटिन आणि बूस या तिघांनी अमेरिकेत मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना गोंगाटात इंग्रजी वाक्यं ऐकवली. इंग्रजी लहानपणीच शिकलेल्यांना गोंगाट बराच वाढला तरी शब्द कळत होते. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर शिकलेले त्याच्या कितीतरी आधी हरत होते. ऐकायला तर सगळ्यांना नीट येत होतं. मग ज्याचे कानच अर्धे गळालेत आणि भाषाही दुसऱ्याची, त्याचं काय होत असेल?

आणि हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत आणि मातृभाषा उर्दू सांगणारे पावणेसात टक्क्यांच्या आत. मधल्या पाच टक्क्यांची मातृभाषा काहीतरी वेगळी आहे. नाव बघून भाषा ठरवली की हे सगळे लोक फुलीत जातात. उलटंही होतं. मालेगावच्या उर्दू शाळेत शिकलेल्या नानीला मराठी यादी दिली तर तिचंही तेच होणार. साधी गोष्ट आहे, विचारायचं. "घरी काय बोलता?" या तीन शब्दांना पैसे पडत नाहीत.

वांद्र्याला केंद्र सरकारची वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी मोठी राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली. तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्याआधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. हे विद्यापीठ १९१८ साली उच्च शिक्षण लोकांच्या कळत्या भाषेत, म्हणजे उर्दूत, द्यायचं म्हणून उघडलं होतं. त्यांचं नाव ऐकण्या-बोलण्याच्या संस्थेला असावं, हा योगायोग मला आवडतो.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती. अब्बांचं ऐकणं कमी होतंय हे आम्हाला चार-पाच वर्षं कळलंच नाही, कारण मशिदीत त्यांचं कधी काही अडलं नाही. इमामसाहेबांची किरात त्यांना बरोबर 'ऐकू' यायची. कशी? सूरह तोंडपाठ. एक-दोन स्वर कानावर पडले की बाकीचं डोकं भरून काढतं. जुम्याच्या बयानाला मात्र ते पेंगायचे आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. पाठ असलेलं ऐकू येतं, नवं ऐकू येत नाही. आपल्या घरातल्या बुजुर्गांसाठी ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मशीन आल्यावर वुजूचा प्रश्न आला. ओल्या बोटांनी कानांचा मसह करायचा, म्हणजे मशीन काढणं आलं, दिवसातून पाच वेळा. सोबतच्या माहितीपत्रकात अंघोळ होती, पाऊस होता, घाम होता, वुजू नव्हता. पहिल्या महिन्यात अब्बा मशीन फजरला काढायचे आणि ते इशापर्यंत खिशात राहायचं. शेवटी अम्मीने तंबाखूची रिकामी डबी धुऊन त्यात कापूस घालून दिला. वुजूआधी मशीन डबीत, मग कान रुमालाने कोरडे करून पुन्हा कानात.

एवढा आटापिटा कशासाठी, असं भाईजान विचारतात. २०११ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांनी ६३९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना थोडं कमी ऐकू येतं त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट, मध्यम असेल तर तिप्पट, फारच कमी असेल तर पाचपट दिसला. कमी ऐकू येण्यामुळेच तो होतो, असं यावरून म्हणता येत नाही. पुढे २०२३ मध्ये ९७७ वृद्धांवरचा तीन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांचा एकत्र हिशेब केल्यावर मशीनचा फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांची आकलनशक्ती घसरण्याचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. बाकी, दस्तरखानवर बसून गप्पांत भाग न घेता नुसतं ताटाकडे बघत जेवणारा माणूस बघायला मला कुठल्याच अभ्यासाची गरज नव्हती.

परवा जुम्याहून परत येताना मी अब्बांना विचारलं, आज बयान ऐकू आलं का? म्हणाले, "एक एक लफ्ज आया. पर मौलानाची उर्दू इतनी गाढी, समज्या नै कुछ. वो मशीनका काम नै."