सुरांची आडवाट

भाषा आणि गाणे एकाच कंठातून निघत असले, तरी मेंदूत त्यांचे बिऱ्हाड पूर्णपणे एकत्र नाही. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने एकाच उच्चारापुरती वाणी उरलेल्या रुग्णाच्या मेंदूचे मरणोत्तर परीक्षण केले आणि बोलण्याच्या शक्तीचा संबंध डाव्या गोलार्धाच्या पुढील भागाशी जोडला. रशियन संगीतकार शेबालिन यांची वाचा १९५९ मधील दुसऱ्या झटक्याने जवळजवळ हरपली; तरी १९६३ साली मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी पाचवी सिंफनी पूर्ण केली.

हे सारे मी पुढे वाचले. त्याची प्रचिती मात्र आधी घरातच आली. माझे वडील गणिताचे शिक्षक. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि वाणीही. समजत सारे होते. पण साधे पाणी मागताना जीभ 'ते... ते...' पाशी अडे आणि डोळे भरून येत. एका संध्याकाळी आईने दिवा लावून नित्याची आरती सुरू केली, तेव्हा खाटेवरून त्यांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला, तोही शब्दांसकट. आरती संपताच आई आशेने म्हणाली, "अहो, आता पाणी म्हणा बरं." पुन्हा तेच, 'ते... ते...'.

पाठ असलेले गाणे परतले म्हणून संभाषण परतत नाही, हे त्या दिवशी उमगले. तेथून पुढचा रस्ता कष्टाचा होता. १९७०च्या दशकात बोस्टनमध्ये एक उपचारपद्धती विकसित झाली. तिच्यात नित्याचे छोटे वाक्य दोन सुरांत गुणगुणायचे, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा आणि हळूहळू सूर काढून घेत वाक्य बोलण्यावर आणायचे. यात उजवा गोलार्ध किती मदत करतो आणि ठेका किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. वडिलांच्या बाबतीत 'पाणी दे' एवढ्यासाठी कित्येक आठवडे लागले.

१९९३ साली ३६ विद्यार्थ्यांवरील एका प्रयोगात, मोझार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकल्यावर आकृतिबंध ओळखण्याच्या कसोटीत थोडी प्रगती दिसली. ती टिकली जेमतेम पंधरा मिनिटे. पण तेवढ्यावरून तान्ह्या बाळांना बुद्धिमान करणाऱ्या ध्वनिफितींचा बाजार उभा राहिला. ऐकण्याने मिळणारा उल्हास आणि अभ्यासाने घडणारी पालट यांत गल्लत झाली, ती अशी.

वडिलांना हा भेद शाळेतच ठाऊक होता. पाढे ते वर्गाकडून तालासुरात म्हणवून घेत आणि मग मध्येच एखाद्याला उभे करून विचारीत, "सात नवे किती?" जो मुलगा मनात 'सात एके' पासून चाल धरी, त्याला ते खाली बसवीत नसत. सूर हा मांडवाचा टेकू आहे. वेल धरेपर्यंत तो हवाच, पण फळ यायचे ते वेलालाच.