शहरी टक्क्याच्या पलीकडे

भूगोलाच्या तासाला नागरीकरणाचा धडा आला की मी फळ्यावर दोन रेघा काढत असे, एक दक्षिण कोरियाची, दुसरी भारताची. १९६० मध्ये कोरियात शंभरातले जेमतेम २८ जण शहरात राहत, १९९० पर्यंत ते ७४ झाले. आपण १९६१ मध्ये १८ टक्क्यांवर होतो आणि १९९१ मध्ये २६ टक्क्यांच्याही आत. कोरियाची रेघ उभी चढे, आपली सरपटत जाई. जितका शहरी टक्का जास्त तितका देश पुढे, असं मी मुलांना सांगायचो आणि ते मला मनापासून पटलेलं होतं.

ते मत बदललं केरळच्या आकड्यांनी. २००१ च्या जनगणनेत केरळ २६ टक्के शहरी होतं, २०११ मध्ये जवळपास ४८ टक्के. कोरियाला लाजवणारा वेग! पण त्या दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या पाच टक्क्यांनीसुद्धा वाढली नव्हती, आणि खेडी ओस पाडून माणसांचे लोंढेही कुठे निघाले नव्हते. माणसं होती तिथेच राहिली, त्यांचं गाव तेवढं शहरांच्या यादीत गेलं. आपल्या जनगणनेत किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसांची दाटी आणि तीन चतुर्थांश कामकरी पुरुष शेतीबाहेर, एवढं जमलं की गाव ‘सेन्सस टाऊन’ ठरतं. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहतो. देशभरात अशी ठिकाणं दहा वर्षांत १,३६२ वरून ३,८९४ वर गेली.

मग इतर देशांचे आकडेही तपासावे लागले. श्रीलंकेचा शहरी टक्का १९८१ मध्ये साडेएकवीस होता, २०१२ मध्ये अठराच्या आसपास. लोक शहर सोडून गेले म्हणून तो घटला नाही. १९८७ मध्ये तिथल्या लहान नगर परिषदा मोडून प्रादेशीय सभांत घातल्या गेल्या आणि त्यांचा सगळा भाग ग्रामीण म्हणून मोजला जाऊ लागला. कोलंबो जिल्ह्यातलं होमागमसुद्धा कागदावर खेडं आहे.

चीनने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. १९७८ मध्ये १८ टक्के, २०२० मध्ये ६४ टक्के. इथे माणसं खरोखरच हलली. पण शहरी ‘हुकोउ’, म्हणजे शहरातली कायम नोंद, त्याच साली ४५ टक्क्यांकडेच होती. मधली पंचवीस कोटींहून जास्त माणसं शहरात राबतात, पण मुलांची शाळा, निवृत्तिवेतन अशा गोष्टींवरचा त्यांचा हक्क गावातल्या नोंदीशी बांधलेला आहे. माझ्या फळ्यावरच्या हिशेबाने ही माणसं ‘पुढारलेली’ ठरत होती.

कोरियाची रेघ खोटी नव्हती. शेतकऱ्यांची मुलं कारखान्यांत गेली आणि सोल फुगलं, हे घडलंच. पण नुसत्या टक्क्यावरून देशांची क्रमवारी लावणं मी आता चूक मानतो. शहर कशाला म्हटलंय आणि तिथे राहायला आलेल्याला तिथला हक्क मिळतो का, हे विचारल्याखेरीज ती तुलना करू नये.

आपल्याकडे २०२७ च्या जनगणनेनंतर नवा शहरी टक्का जाहीर होईल. तो वाढलेला दिसला तर आनंद मानण्याआधी एवढं जरूर पाहा: त्यातल्या किती गावांत गटारं, पाण्याची योजना आणि नगरपालिका पोहोचली आहे.