पट, बैल आणि बघे

शंकरपटात एक जोडी धावते ती काही सेकंद. ती पाहायला आलेला माणूस मात्र सकाळी भाकरी बांधून घरून निघतो आणि दिवस मावळल्यावर परततो. या दोन काळांमधले अंतर मला नेहमीच कुतूहलाचे वाटत आले आहे. खेळाचे मर्म त्या सेकंदांत असेल, तर उरलेला दिवस ही माणसे कशासाठी उन्हात बसलेली असतात?

धाकट्या प्लिनीला हा प्रश्न सुमारे एकोणीस शतकांपूर्वी पडला होता. रोममधल्या रथांच्या शर्यतींविषयी एका पत्रात त्याने तुच्छतेने लिहिले आहे, की लोकांना घोड्यांच्या वेगाचे वा सारथ्याच्या कौशल्याचे आकर्षण असते तर समजता आले असते. पण त्यांचे प्रेम असते ते सारथ्याच्या अंगरख्याच्या रंगावर. शर्यत सुरू असताना रंगांची अदलाबदल केली, तर गर्दीची निष्ठाही त्याच क्षणी बदलेल. शिकलेल्या माणसाचा गर्दीकडे पाहण्याचा दृष्टिकोन तेव्हापासून फारसा बदललेला नाही. आपल्याकडेही पटाला जाणारा म्हणजे रिकामटेकडा, अशी एक समजूत आहे, आणि ती बाळगण्यात आम्ही मास्तर मंडळी आघाडीवर असतो.

2024च्या फेब्रुवारीत रेणापूर तालुक्यातल्या एका गावी दोन दिवसांचा पट होता. मी गेलो तो शेवटच्या दिवशी. मोठ्या पटांच्या तुलनेत हा अगदी किरकोळ. हरभरा काढून मोकळ्या झालेल्या रानात दोन समांतर पट्ट्या आखलेल्या, कडेला बांबू आणि दोर, शेवटाला सेकंदांचे बारीक तुकडे मोजणारे यंत्र. सकाळी माणसे तुरळक होती. ऊन चढत गेले तशी बांधावर, ट्रॉल्यांवर, बाभळीच्या फांद्यांवर माणसे दिसू लागली. फायनलच्या जोड्या जुंपल्या तेव्हा पट्टीच्या दोन्ही अंगांना माणसांची भिंत उभी होती. ध्वनिक्षेपकावरचा माणूस बैलांची नावे घेत होता, मालकांची गावे सांगत होता आणि मध्येच पोरांना दोराच्या आत जाण्याबद्दल दटावत होता. झेंडी पडली. छकडे उडाले, धूळ उठली, आणि मी नीट पाहू लागेपर्यंत सारे संपलेही होते.

प्लिनीचे म्हणणे इथे लागू पडत नाही, हे मला तिथेच जाणवले. या गर्दीला रंग ठाऊक नव्हते, बैल ठाऊक होते. कोणता आदत आहे, कोणता दुसा, कोण सुटताना उजवीकडे ओढतो, कोण शेवटच्या टप्प्यात मान टाकतो, याची चर्चा दिवसभर चालली होती. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. प्रत्येक जोडीचे खूर, वशिंड, पाठीची ठेवण पाहून ते निकाल आधीच सांगत, आणि बहुधा तो खरा ठरे. मी विचारले, "तात्या, तुमची जोडी कोणती?" ते म्हणाले, "जोडी इकून सात वर्सं झाली, सर. पोरानं टॅक्टर घेतलाय. पर बैल पळूलालेत म्हन्ल्यावर घरी कसं बसावं?"

त्या उत्तराने माझ्या प्रश्नाची दिशा बदलली. मग मी आजूबाजूच्या पाच-सहा जणांना तेच विचारले. एकाच्याच दावणीला बैल होते.

अमेरिकेत 'स्टॉक कार' शर्यतींचा एक लोकप्रिय प्रकार आहे. 'स्टॉक' म्हणजे कारखान्यातून येते तशी, तुमच्या-आमच्या दारात उभी असते तशी मोटार. चोरटी दारू वाहून नेताना पोलिसांना हुलकावण्या देणाऱ्या चालकांच्या ईर्षेचा या शर्यतींच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. 1948 मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि 1949 मध्ये तिने खास बिनबदलाच्या मोटारींसाठी वेगळी स्पर्धा सुरू केली. प्रेक्षकाला त्यात गोडी होती ती अशी, की जिंकणारी गाडी आपल्याच गाडीची बहीण आहे. पुढे नाव तेच राहिले आणि गाडी बदलली. आजची शर्यतीची मोटार खास शर्यतीसाठीच बांधली जाते; दारातल्या मोटारीशी तिचे साम्य वरवरच्या आकारापुरते उरले आहे. तरीही छोट्या गावांतल्या धावपट्ट्यांवर हंगामाच्या अखेरच्या रात्री माणसे जमतात.

पटाचेही असेच झाले आहे. पट हा मुळात 'स्टॉक' बैलांचा खेळ होता. सुगी आटोपली, रान मोकळे झाले, की वर्षभर नांगर-वखर ओढलेली जोडी छकड्याला जुंपायची आणि शेजारच्या गावाच्या जोडीशी पळवायची. हरलेला बैल दुसऱ्या दिवशी पुन्हा मोटेवर असे, आणि जिंकलेलाही. आजचा पटाचा बैल औताला जात नाही. त्याचा खुराक वेगळा, गोठा वेगळा, सराव वेगळा, किंमत तर इतकी वेगळी की शेतकऱ्याने ती ऐकूनच समाधान मानावे.

इथे आमच्या भागापुरती आणखी एक गुंतागुंत आहे. लातूर जिल्ह्याचे स्वतःचे गोधन आहे: देवणी. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडलेली ही जात. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिचे तीन रंगभेद. गाय दुधाला बरी आणि बैल कामाला दमदार, असा तिचा दुहेरी लौकिक. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी ओढकामासाठी नावाजलेली. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात ही जनावरे पाहायला एके काळी दुरून माणसे येत. पण पटाच्या पट्टीवर मला दिसले ते बहुतेक खिलार: लांब शिंगांचे, सडपातळ, माणदेशाकडचे. वेग हीच कसोटी असेल, तर निवड तशीच होणार. देवणी बैल दिवसभर नांगर ओढेल. त्या काही सेकंदांसाठी तो घडलेला नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की पटाच्या बाजूने न्यायालयात आणि बाहेर जो युक्तिवाद वर्षानुवर्षे झाला, त्यात देशी गोवंशाचे जतन हा मोठा मुद्दा होता. 2011 मध्ये केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी कायम केली. बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी नाही, हा त्या निकालातला एक आधार होता. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळात ज्यांचे बैल दावणीला बसून होते त्यांची तळमळ खरी होती. चाबूक, काठी, विजेचा झटका यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांची तळमळही तितकीच खरी होती. नियमांतून या गोष्टी हद्दपार झाल्या त्या त्यांच्यामुळे. जतनाचा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे. पट जतन करतो तो पळणारा बैल. ओढणाऱ्या बैलाचा या खटल्यात कोणी वकील नव्हता.

शर्यती परत सुरू झाल्यावर बक्षिसे वाढली. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली परिसरात झालेल्या मोठ्या शर्यतीत पहिले बक्षीस होते जेसीबी. ट्रॅक्टर तर आता अनेक ठिकाणी बक्षीस असतो. राज्यातल्या सर्वांत वेगवान बैलांच्या मालकाला बैलाची गरज संपवणारे यंत्र द्यायचे, यातला उपरोध संयोजकांना अभिप्रेत नव्हता हे उघड आहे; बांधावरच्या लोकांनाही तो खटकला नसेल. मला मात्र आनंद यादवांची 'गोतावळा' आठवली. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत नारबा हा शेतगडी मळ्यातल्या जनावरांनाच आपले गणगोत मानतो. मग मालक ट्रॅक्टर आणतो, आणि एकेक करून ते गणगोत मळ्यातून नाहीसे होते. यादवांनी ट्रॅक्टरला खलनायक केलेले नाही. तो येतो, इतकेच. पन्नास वर्षांनंतर तोच ट्रॅक्टर हार घालून पटाच्या मंडपात उभा आहे आणि त्याच्यासमोर बैल पळत आहेत.

परतताना रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. तालुक्यात निवाड्याला रेणा सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात या गाड्या नेहमीच्याच. गाडीवर माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस, जुवाखाली माना खाली घातलेले बैल, बैलांपुढे कासरा धरून चालणारा तोडकरी आणि उसाच्या शेंड्यांवर पोर घेऊन बसलेली त्याची बायको. आमच्याकडे बैल अजून एकगठ्ठा राबताना दिसतो तो इथेच. पटावरून परतणाऱ्या मोटारसायकली त्यांना हॉर्न वाजवून मागे टाकत होत्या. ज्या माणसांनी दिवसभर बैलाचा खूर आणि खांदा पारखला, त्यांतल्या कोणाची नजर या खांद्यांकडे वळली नाही. माझीही वळली ती गाडी अडली म्हणून.

या बाईकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. बांधावर बायका जवळजवळ नव्हत्या. शेण-घाण, चारा-पाणी, आजारी जनावराची रात्र हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केले, त्या बघ्यांतही नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायका स्वतः जोड्या हाकतात, हे वाचले की बरे वाटते. आमच्याकडे अजून ती हवा आलेली नाही.

तर मग गर्दी कशासाठी जमते? मला वाटते, पूर्वी माणूस पटाला जाई तो आपल्या घरच्या बैलाचे मोठेपण पाहायला. आता तो जातो घरात नसलेला बैल पाहायला. पोळ्याला जनावर नसलेल्या घरात मातीचे बैल पुजतात, तसेच काहीसे हे आहे. दावणी जितक्या ओस पडतील, तितकी फायनलची गर्दी वाढेल. तिला तुच्छ लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तिच्या आकारावरून बैल वाचला, असेही कोणी म्हणू नये.

त्या आठवड्यात वर्गात 'गोतावळा' शिकवायला घेतली होती. किती जणांच्या घरी बैल आहेत, असे विचारल्यावर बेचाळीसपैकी तीन हात वर आले. किती जण पटाला गेला होता, असे विचारल्यावर मुलांच्या बाकांवरचे जवळजवळ सगळे. मग मी फळ्यावर शब्द लिहीत गेलो. मोट, नाडा, वखर यांपाशी वर्ग गप्प राहिला. जू, शिवळ, कासरा, वेसण, आदत, दुसा यांचे अर्थ मात्र मागच्या बाकावरच्या पोरांनी मला आधी सांगितले, तेही चुकीची मात्रा न लावता. मी विचारले, हे कुठे शिकलात? एक जण म्हणाला, "पटावर, सर. आन् दुसरं कुठं?"

मी फळा पुसला नाही. पुढच्या तासाला इतिहासाचे प्राध्यापक आले, तेव्हा ते शब्द तिथेच होते.