आबांची कोठी

एप्रिल 2021. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वसतिगृह रिकामं झालं आणि मी सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्याला परतलो. एमबीबीएसचं तिसरं वर्ष. पोटाच्या तपासणीची अंतर्गत परीक्षा मोबाइलवर होणार होती. रुग्ण म्हणून घरातलं माणूस चालणार होतं. आबा तयार झाले.

पहिल्याच पायरीवर अडलं. डॉक्टरनं रुग्णाच्या उजव्या हाताला उभं राहायचं, आणि आबांची बाज नेमकी त्याच अंगानं भिंतीला लागलेली. ती ओढून घेतली. धाकट्या बहिणीनं मोबाइल धरला. हात धुतले, नाव सांगितलं, मग परवानगी : "आबा, तुमचं पोट तपासू का?"

"तपास की. इचारतो काहून?"

पडद्यावर सर हसले. माझ्या त्या प्रश्नाला गुण होता. 1975 साली स्कॉटलंडमधल्या हार्डन यांनी मांडलेल्या ऑस्की परीक्षेचं तंत्रच तसं : प्रत्येक कृतीची यादी, परीक्षकानं खूण करायची. कृती दुरूनही दिसते. माझी बोटं आबांच्या बरगडीखाली किती दबली, ते मात्र मला आणि आबांनाच ठाऊक.

मग ठोकून पाहणं. डावं मधलं बोट छातीवर टेकवायचं, उजव्यानं त्यावर टकटक. फुप्फुसावर पोकळ आवाज येतो, खाली लिव्हर लागलं की बद्द. बाहेर शेजाऱ्यांचं हळद पॉलिश करायचं ड्रम धडधडत होतं. मला काहीच ऐकू आलं नाही.

"आवाज कुठं बदलला?" सरांनी विचारलं.

"पाचव्या बरगडीखालच्या फटीत, सर." पुस्तकात तेच लिहिलंय.

"छान." पूर्ण गुण. खरं सांगायला तोंड उघडलं नाही, नेटवर्क तर शाबूत होतं.

संध्याकाळी आबांना ते सांगून टाकलं. वर हेही सांगितलं, की ठोकून पाहायची ही रीत 1761 मध्ये पुस्तकात मांडणारा आउएनब्रुगर खानावळवाल्याचा मुलगा; बाप दारूची पिंपं ठोकून किती भरलीत ते बघायचा, म्हणतात. आबा उठले, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीपाशी गेले, वरून खाली बोटानं ठोकत आले. टणटण, टणटण, बद्द.

"हितपर्यंत हाये. कोपरातून मारू नको, मनगट सैल सोड."

ड्रम बंद झालं होतं. मी आबांना पुन्हा बाजेवर झोपवलं.