कुकरची शिट्टी
कॉक्लिअर इम्प्लांटच्या मॅपिंगला, म्हणजे आवाजाच्या पातळ्या लावायला, मला पाऊण तास मिळतो. पूर्वी मी 22 इलेक्ट्रोड एकेक करून तपासायची. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, असा खेळ. निम्म्यावरच मुलं कंटाळायची.

एकदा निघताना आजी दारात म्हणाल्या, "कुकरची शिट्टी झाली की हा मशीन काढून फेकतो हो!" म्हणजे वरची पातळी मीच जास्त ठेवली होती, आणि कळलं शेवटच्या मिनिटाला. बाहेर पुढचं कुटुंब ताटकळलेलं; तरी त्यांना परत बसवलं.

आता पाचच इलेक्ट्रोड मोजते, मधल्यांचा अंदाज सॉफ्टवेअर बांधतं. वाचलेला वेळ सुरुवातीलाच घरच्यांना. त्या आजी तर हल्ली खुर्चीत टेकण्याआधीच स्वयंपाकघराची खबर देतात.